नव्वद किलोमीटरच्या पलीकडे

पत्र आलं त्या सकाळी नोला हॅनिगनने ते दोनदा वाचलं, त्याची घडी घातली आणि वर चहाची गरम किटली ठेवली. टेबलावर डाग पडू नये म्हणून खाली काहीतरी लागतंच.

पत्र सरकारी होतं, त्यामुळे भलतंच गोड होतं. सुरुवातच अभिनंदनाने. पुढल्या महिन्यात आपण पंच्याऐंशी वर्षांच्या होत आहात, तेव्हा आपल्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा. पास झालात तर परवाना आहे तसा राहील. दोन, परीक्षा देऊच नका, स्थानिक परवाना घ्या आणि घरापासून वीस किलोमीटरच्या आत खुशाल फिरा. हा दुसरा पर्याय बऱ्याच ज्येष्ठ मंडळींना सोयीचा वाटतो, असंही खाली लिहिलं होतं.

विराबूलपासून वीस किलोमीटरच्या आत काय आहे ते आम्हाला विचारा. गहू आहे. तारेची कुंपणं आहेत. धान्याचे दोन उंच सायलो, एक पब, एक दुकान आणि वर्षातून चारदा उघडणारा हॉल. डॉक्टर नाही, बँक नाही, चष्मा करून देणारा नाही. ते सगळं टॅलनूकला, ब्याऐंशी किलोमीटरवर. पूर्वी आगगाडी होती, ती बंद झाली. मग बस होती, तीही बंद झाली. उरली ती नोलाची वॅगन.

चौसष्ट सालची, होल्डन कंपनीची. रंग मुळात फिकट हिरवा, पण जिथे तो उडाला तिथे नोलाने फाटकाला लावून उरलेला हिरवा ब्रशने फासला होता, आणि दोन हिरव्यांचं एकमेकांशी काही जमत नव्हतं. पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब सीट, मागे तसाच बाक, आणि त्याच्या मागे कोंबड्यांचं खाद्य, कुत्रा आणि म्हातारपणाची सगळी अवजारं मावतील एवढी जागा. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावरच, त्यामुळे पायाशी मोकळं मैदान. या मोकळ्या मैदानाला किंमत होती. स्टॅन वुकिचचा उजवा पाय खाणीत चिरडला गेल्यापासून गुडघ्यात वाकत नव्हता, आणि तो सरळच्या सरळ ठेवून बसता येईल अशी अख्ख्या विराबूलमध्ये ही एकच गाडी होती.

दर गुरुवारी सकाळी साडेआठला वॅगन दुकानासमोर उभी राहायची. स्टॅन पायाच्या मलमपट्टीसाठी, आयव्ही लॉरिमर डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी, आणि ज्याला जे काम असेल तो. नोला कुणाला विचारायची नाही, कुणी तिला विचारायचं नाही. दार उघडायचं आणि बसायचं. आयव्ही खजुराचा केक आणायची, स्टॅन तोंड आणायचा.

जुन्या गाड्यांचे शौकीन शहरातून अधूनमधून येऊन जात. गाडीभोवती फेऱ्या मारत, आत डोकावत, आणि कोंबड्यांचं खाद्य बघून डोक्याला हात लावत. एकजण तर गाडी न्यायला ट्रेलरच घेऊन आला होता.

"अशी गाडी चालवायची नसते हो," तो कळवळून म्हणाला. "जपायची असते."

"जपलेलीच आहे की. सकाळीच तेल बदललंय."

"नाव काय ठेवलंय हिचं?"

"वॅगन," नोला म्हणाली आणि खाद्याचं पोतं त्याच्या हातात दिलं. "ते मागे टाक जरा."

हौशी लोकांचा नोलाला मनापासून राग होता. पांघरुणाखाली झाकलेली, रविवारी पुसलेली, पावसात कधी बाहेर न काढलेली गाडी म्हणजे तिच्या लेखी लग्न करून न नांदवलेली बाई. पाण्याचा जादा पंप तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांशेजारी असायचा. तो बदलायला तिला पाऊण तास लागायचा, मधला चहा धरून.

पत्राची बातमी तिने फक्त स्टॅनला दिली. आणि मुलाला द्यावी लागली, कारण तो दर रविवारी फोन करायचा आणि आईच्या आवाजातली खोट त्याला सहाशे किलोमीटरवरून कळायची.

रसेल पुढल्याच शनिवारी आला. आला तो एका छोट्या पांढऱ्या गाडीतून, आणि उतरल्या उतरल्या त्याने किल्ली आईच्या हातात ठेवली. किल्ली कसली, साबणाच्या चिपेएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा.

"ऑटोमॅटिक आहे, आई. क्लच नाही, गिअर नाही. मागे काही आलं तर स्वतः ओरडते. परीक्षा हिच्यात दे, डोळे मिटून पास होशील."

"डोळे मिटून चालवायची म्हणूनच ती ओरडत असेल."

तरी मुलाचं मन राखायला ती बसली. पट्टा लावण्याआधी गाडी ओरडली. दार नीट लागलं नाही म्हणून ओरडली. अंगणातून मागे घेताना कोंबडी आडवी गेली तेव्हा तर एवढी ओरडली की कोंबडीच घाबरून कुंपणावर चढली. मग स्टॅनला बोलावलं. स्टॅनने आधी डावा पाय घालून पाहिला, मग पाठ घालून पाहिली, मग सीट मागे सरकवून पाहिली. उजवा पाय दाराबाहेर तो बाहेरच राहिला.

"पाय कापला तर मावेल," स्टॅन म्हणाला. "रसेल, करवत आहे का रे?"

रसेल हसला नाही. संध्याकाळी ओट्याशी उभा राहून तो बोलला. "आई, मागच्या वर्षी तू फाटकाचा खांब पाडलास."

"खांब कुजलेला होता."

"त्या गाडीत अपघातात फुगणारी हवेची पिशवी नाही. रस्त्यात फोन लागत नाही. तू चार माणसं घेऊन जातेस, चौघांची मिळून एक नजर धड. मी रोज सकाळी फोनकडे बघतो, माहीत आहे तुला? दर गुरुवारी दुपारपर्यंत माझं कामात लक्ष नसतं."

हे नोलाला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की ती आणखी हट्टाला पेटते, ही तिची जुनी खोड.

"परीक्षा वॅगनमध्येच देणार," ती म्हणाली. "पास झाले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नापास झाले तर वॅगन तुझी. त्या ट्रेलरवाल्याला दे, नाहीतर पेटवून दे. मी वीस किलोमीटरच्या खुराड्यात तुझी ओरडणारी चिमणी चालवीन."

"वचन?"

"मी कधी मोडलंय?"

रसेलला मान हलवावी लागली. ठरलं.

उरलेले पंधरा दिवस स्टॅन परीक्षक झाला. पाय ताणून, नाकावर चष्मा ठेवून, मांडीवर एक जुनं पुस्तक घेऊन तो शेजारी बसायचा आणि मिशीतल्या मिशीत आनंदाने गुण कापायचा. नोलाचं चालवणं चांगलंच होतं. वेगाचा काटा मैलांचा असल्याने तिने त्याच्या काचेवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, पन्नास किलोमीटरला एक, शंभरला दुसरा. ठिपक्याच्या पुढे ती जात नसे. आरसे बघायची, मान वळवून बघायची, थांबायच्या पाटीवर चाकं पूर्ण थांबवायची, कारण पूर्ण थांबल्याशिवाय वॅगनचा पहिला गिअर पडतच नसे.

"बोट!" स्टॅन ओरडला.

"काय झालं?"

"बोट उचललंस. आता कितवं? सातवं. दोन्ही हात सतत स्टिअरिंगवर, असं इथे छापलंय."

नोलाला पत्ताच नव्हता. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची तर्जनी आपोआप वर येते; आमच्याकडे सगळ्यांचीच येते. नमस्कार म्हणा, हजेरी म्हणा. ज्याच्याशी कुंपणावरून कोर्टात भांडण चालू आहे त्यालाही बोट दाखवायचंच. न दाखवणारा एकतर शहरातून आलेला, नाहीतर कुणी मेलेल्या घरातून निघालेला.

"त्या बोटापायी नापास होशील बघ," स्टॅन म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने जखमेवर लावायची पट्टी आणली आणि नोलाच्या तर्जनीला गुंडाळली. "ही दिसली की आठवेल."

त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी परीक्षक हॉलवर यायचा होता. नोलाने परीक्षेचं गावात स्टॅनशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पंच्याऐंशीव्या वर्षी नापास व्हायचं तर ते निदान खासगीत व्हावं. त्यामुळे साडेदहा वाजता हॉलच्या पायरीवर फक्त स्टॅन आणि रसेल होते, आणि रसेलच्या शेजारी ती पांढरी गाडी.

परीक्षकाचं नाव झॅमिट. पस्तिशीचा, समुद्राकडचा, इस्त्रीचा शर्ट, बुटांवर धूळ बसली की वाकून पुसणारा. माणूस सभ्य होता. वॅगन बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, नुसता फॉर्म उलटसुलट केला.

"मिसेस हॅनिगन, गिअर कुठे आहे?"

"तुझ्या नाकासमोर. आणि मला नोला म्हण, मिसेस हॅनिगन माझी सासू होती."

"हँडब्रेक?"

"डॅशबोर्डखाली. छत्रीच्या मुठीसारखं आहे ते."

दिवे तपासताना त्याने दिव्याचा झोत खाली करायला सांगितला. झोत खाली झाला. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. हात जागचे हलले नव्हते.

"कसा केलात?"

"पायाने. बटण खाली आहे. पुन्हा करू?"

त्याने पुन्हा करायला लावलं. मला वाटतं, ते फॉर्मसाठी नव्हतं.

वॅगन हॉलसमोरून निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, लोण्यातून सुरी फिरावी तसे. नोलाने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट रोवले. पट्टी तिच्या डोळ्यासमोर होती. सायलोच्या रस्त्याला लागताच समोरून मिक पोलार्डची युट आली, मागच्या उघड्या हौद्यात दोन कुत्रे. मिकचं बोट वर आलं. नोलाने ओठ आवळले आणि सरळ समोर बघितलं.

मिकच्या जन्माच्या दिवशी त्याच्या आईला याच वॅगनमधून टॅलनूकला नेलं होतं. पोर मागच्या बाकावर जन्मायचं थोडक्यात चुकलं. आणि आज त्याला बोट नाही.

मग टपालाची गाडी, जेनेटची. बोट वर. नोला सरळ. मग रस्ता सपाट करणारं कौन्सिलचं यंत्र, त्यावरचा माणूस तर हात काढून हलवत होता. नोला सरळ.

पुढचं काय झालं ते तिला नंतर कळलं. आमच्याकडे प्रत्येक गाडीत वायरलेस असतो आणि शेतकरी माणूस दिवसभर एकटा असतो, तेव्हा विषय हवाच असतो.

"नोला गेली आत्ता. बोट नाही उचललं," मिक वायरलेसवर म्हणाला.

"तुला दिसलं नसेल," जेनेट म्हणाली. "थांब. अरे देवा, मलाही नाही दाखवलं."

"दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसलीय. शेजारी कोण आहे?" यंत्रावरच्या माणसाने विचारलं.

"ओळखीचा नाही. इस्त्रीचा शर्ट."

"इस्त्रीचा शर्ट? विराबूलमध्ये? मंगळवारी?"

पाच मिनिटांत निकाल लागला. कुणीतरी भामटा म्हातारीला दमात घेऊन बँकेत नेतोय. मिकने युट वळवली. जेनेटने टपाल तसंच ठेवून गाडी वळवली. कौन्सिलचं यंत्र वळायला वेळ लागतो, पण तेही वळलं.

नोला रस्त्याच्या कडेला गाडी लावून दाखवत होती, तीन टप्प्यांत वळवून दाखवत होती, आणि आरशात वाढत चाललेली रांग बघत होती. झॅमिटनेही मागे वळून पाहिलं.

"इथे नेहमी एवढी वर्दळ असते का?"

"कापणीला असते," नोला म्हणाली. कापणी होऊन तीन महिने उलटले होते.

सायलोच्या पुढे मिकने वेग वाढवला, ओलांडून पुढे गेला आणि युट रस्त्यात आडवी घातली. झॅमिटचे दोन्ही पाय खाली नसलेला ब्रेक शोधू लागले. नोलाचा मात्र मघापासून आरशात मिकवर डोळा होता आणि तिने पाय आधीच सैल केला होता. वॅगन युटपासून चार हातांवर, सरळ रेषेत, इंजिन चालू ठेवून उभी राहिली.

मिक उतरला तो थेट झॅमिटच्या खिडकीशी. हातात कुंपणाचा खुंटा.

"खाली उतर, ए इस्त्री. नोला, घाबरू नकोस. तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक होते रे गाढवा!" नोलाच्या तोंडून आता सगळंच सुटलं. "माझी परीक्षा चालू आहे! परवान्याची! हा सरकारी माणूस आहे!"

मिकने झॅमिटच्या मांडीवरचा फॉर्म बघितला. मग हातातला खुंटा बघितला आणि तो हळूच पाठीमागे नेला.

"मग बोट का नाही उचललंस?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच दुखावलेपण होतं.

सगळी वरात हॉलवर परत आली. रसेलचा चेहरा पांढऱ्या गाडीसारखा झाला होता. झॅमिटने बुटांवरची धूळ पुसली, पाणी प्यायला, आणि मग सगळ्यांसमोर बोलला.

"परीक्षा अर्धवट राहिली, म्हणजे ती धरता येत नाही. पुन्हा द्यावी लागेल. पण मला एक सुचतंय. स्थानिक परवान्याचं अंतर ठरवणं माझ्या हातात आहे. तुम्ही कशी चालवता ते मी पाहिलंय. मी वीसऐवजी नव्वद किलोमीटर लिहितो. टॅलनूक त्यात आलं. परीक्षेची गरजच नाही. इथे सही करा आणि गुरुवारी जा."

सगळे एकदमच बोलायला लागले.

"घे, नोल!" स्टॅन म्हणाला. "अजून काय पाहिजे? माझा पाय पोचला, आयव्हीचा डोळा पोचला!"

"आई, घे," रसेल म्हणाला. "देवाशपथ घे. वॅगनही ठेव. मी वचन सोडतो तुला."

झॅमिटने पेन पुढे केलं. माणूस मनापासून भलं करायला बघत होता, आणि हेच नोलाला जास्त लागलं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

"अडुसष्ट साली," ती म्हणाली, "मी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या छावणीत दोन हंगाम स्वयंपाक केला. चाळीस माणसांचं मटण, दिवसातून तीनदा. त्या पैशांनी ही गाडी घ्यायला टॅलनूकला गेले. विकणारा म्हणाला, नवऱ्याला घेऊन या, त्यांची सही लागेल. मी म्हटलं, गाडी मी चालवणार. तो म्हणाला, सही त्यांची. मी घरी गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आवारात याच गाडीत जाऊन बसले. डबा खाल्ला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याला लाज वाटली का कंटाळा आला, देव जाणे, पण त्याने कागद माझ्या नावावर केले. माझा नवरा केव्ह घरी काय म्हणाला ते सांगायची ही जागा नाही. तेव्हापासून ही गाडी घेऊन मी कुठवर जायचं हे कुणी मला लिहून दिलेलं नाही."

"पण मिसेस हॅनिगन, नव्वद म्हणजे तुम्हाला लागतं तेवढं सगळंच..."

"पोरा, गाय वीस हातांच्या दोरीने बांधली काय आणि नव्वद हातांच्या दोरीने बांधली काय. दोर लांब केला म्हणून आभार मानायचे का मी तुझे? मला कुठे जायला लागतं ते तू लिहिणार, आणि मी उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तर?"

"दुसरीकडे कुठे?" रसेलने विचारलं.

"ते मी अजून ठरवलेलं नाही. तोच तर मुद्दा आहे."

"आता दिलीस आणि नापास झालीस तर वीससुद्धा मिळतील की नाही कोण जाणे. वॅगन जाईल, आई. गुरुवार जाईल. स्टॅनचं काय, आयव्हीचं काय?"

हे खरं होतं, आणि नोलाने ते ऐकलं. तिने स्टॅनकडे बघितलं. स्टॅनने आपल्या सरळ पायाकडे बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझा पाय तीस वर्षं असाच आहे," तो म्हणाला. "आणखी एक दिवस बाहेर राहील. जा तू."

नोलाने तर्जनीवरची पट्टी दातांनी सोडवली आणि स्टॅनच्या खिशात कोंबली. "परीक्षा पुन्हा घे," ती झॅमिटला म्हणाली. "आत्ता. हॉलच्या दारापासून. आणि आधीच सांगते, बोट उचलणार. त्याचे गुण कापायचे असले तर काप, सगळे काप. पण माझ्या रस्त्यावर माझ्या माणसांना ओळख न देता मी पुन्हा जाणार नाही. एकदा गेले आणि खुंटा घेऊन आले बघ."

झॅमिटने घड्याळ बघितलं, फॉर्म उलटला आणि नवीन पान काढलं.

आता गावात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. वॅगन निघाली तेव्हा दुकानासमोर, पबसमोर, सायलोपाशी, जिथे जागा मिळाली तिथे गाड्या उभ्या होत्या, तोंडं रस्त्याकडे, सगळे आपापल्या स्टिअरिंगमागे. हौशी लोक गाड्या धुऊनपुसून प्रदर्शन भरवतात, तसं काही हे नव्हतं. धुळीने माखलेल्या, चेपलेल्या, रोजच्या गाड्या होत्या. वॅगन जवळ आली की एकेक बोट वर यायचं. आणि वॅगनमधून एक बोट वर यायचं. मिकला तिने दोनदा दाखवलं.

कडेला लावणं, वळवणं, मागे घेणं, लाल ठिपक्याला काटा धरून ठेवणं, सगळं पुन्हा झालं. थांबायच्या पाटीवर वॅगन पूर्ण थांबली, पहिला गिअर पडला, वॅगन निघाली. हॉलसमोर तिने छत्रीची मूठ ओढली, किल्ली फिरवली आणि हात मांडीवर ठेवले. ती घाबरली होती. चांगलीच घाबरली होती.

झॅमिट बराच वेळ लिहीत होता.

"छत्तीस वेळा," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"बोट. मला वाटलं, मोजावं. पण कुठे लिहू? त्याचा रकानाच नाही. हात स्टिअरिंगवरून सुटला नव्हता."

"स्टॅनच्या पुस्तकात छापलंय!"

स्टॅनने पायरीवरून पुस्तक उंच धरलं. झॅमिटने खिडकीतून हात काढून ते घेतलं, पहिलं पान उघडलं. ते त्याच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी छापलेलं होतं.

"स्टॅन वुकिच," नोला म्हणाली, "तुला मी गुरुवारी टपावर बांधून नेणार आहे."

झॅमिटने कागद तिच्या हातात दिला. 'अटी' असं छापलेल्या रकान्यात त्याने एक आडवी रेघ ओढली होती. रसेलने तो कागद वाचला, पुन्हा वाचला, मग पांढऱ्या गाडीच्या टपावर दोन्ही कोपर टेकून तोंड हातात लपवलं. तो रडत होता की हसत होता ते नोलाने विचारलं नाही. तिने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि तो गुरुवारपर्यंत राहिला.

गुरुवारी साडेआठला वॅगन दुकानासमोर आली. पुढे स्टॅन आणि त्याचा पाय, मागे आयव्ही, तिची चालताना धरायची चाकांची काठी आणि त्या दोघींच्या मध्ये गुडघे हनुवटीला लावून रसेल. निघताना नोलाने स्टॅनला मैलांचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. का ते सांगितलं नाही.

टॅलनूकला मलमपट्टी झाली, इंजेक्शन झालं, खाद्याचं पोतं झालं. परत फिरायच्या चौकात नोलाने गाडी उजवीकडे न वळवता सरळ घातली.

"आई," मागून रसेल म्हणाला, "विराबूल तिकडे राहिलं."

"माहीत आहे मला."

दुतर्फा कापलेल्या गव्हाचे खुंट. तारेची कुंपणं. गुलाबी-करड्या काकाकुव्यांचा एक थवा तारेवर बसलेला, तो उठला आणि पुन्हा तारेवरच बसला.

"घरापासून किती झाले, स्टॅन?"

"पंचावन्न मैल." जरा वेळाने, "छप्पन."

छप्पन मैल म्हणजे नव्वद किलोमीटर. आयव्हीने ते मनातल्या मनात केलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"सत्तावन्न," स्टॅन म्हणाला.

नोलाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मागचं दार उघडून तिने थर्मास काढला, केकचा डबा काढला, चार कप बॉनेटवर मांडले. बॉनेट गरम होतं, त्यामुळे चहा गार व्हायची भीती नव्हती. स्टॅन पाय आवरत खाली उतरला आणि त्याने चारी दिशांना पाहिलं. एक झाड नव्हतं, एक घर नव्हतं, एक पाटी नव्हती.

"नोल, इथे आहे काय?"

"काही नाही," नोला म्हणाली. "कप धर."

दूरवरून एक ट्रक आला. ओळखीचा नव्हता, नंबरही परमुलखाचा. नोलाच्या दोन्ही हातांत कप होते, तरी तिचं बोट वर आलं.